ब्रिटनमध्ये सेकंडहँड मोटरहोम घेताय? मग आधी हा हिशोब बघा

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की इथल्या आपल्या मंडळींपैकी कुणीतरी मला विचारतंच, की वीस हजार पौंडात चांगली मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, येईल का. येते. पण तुमच्याकडे एकूण वीस हजार असतील तर गाडी सोळाचीच बघा, कारण राहिलेले चार पहिल्या वर्षात तिच्यावरच जाणार आहेत आणि ते बाजूला ठेवले नसतील तर गाडी दारात उभी राहते आणि ट्रिप होत नाही. आम्ही २००६ ची, चार जणांना झोपता येईल अशी गाडी १९,५०० ला घेतली आणि बारा महिन्यांत नुसत्या दुरुस्तीला ३,५२५ पौंड गेले. विमा, टॅक्स, उभी करायचं भाडं हे सगळं त्याच्यावर. गाडी चांगलीच होती, आजही आहे, पण कुठे बघायचं हे आम्हाला माहीत नव्हतं. ते सगळं इथे क्रमाने लिहिते, म्हणजे निदान तुमचे हजार-दीड हजार वाचतील.

पायरी १ : आधी स्वतःचं लायसन्स काढून बघा

हे लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि तिथेच अडकतात. ज्यांनी कारची टेस्ट १ जानेवारी १९९७ नंतर दिली, म्हणजे आपण जवळजवळ सगळेच, त्यांना ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. हे ३,५०० म्हणजे गाडीचं रिकामं वजन नाही, भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा, दरवाज्याजवळच्या किंवा बॉनेटखालच्या प्लेटवर लिहिलेली असते. त्याच्यावरची गाडी चालवायची तर वेगळी टेस्ट आणि मेडिकल. जुन्या मोठ्या गाड्या कधी कधी फार स्वस्त दिसतात त्याचं एक कारण हेच, की त्या ३,५०० च्या वरच्या असतात आणि त्या चालवू शकणारे लोक दर वर्षी कमी होत चाललेत.

भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं, पुढे प्रोव्हिजनल काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं, अदलाबदल होत नाही. आणि आपल्याकडच्या लोकांची एक खास अडचण म्हणजे घाईत ऑटोमॅटिकवर टेस्ट पास केलेली असते, आणि या बजेटमधल्या दहातल्या आठ-नऊ मोटरहोम मॅन्युअल असतात! ऑटोमॅटिकच्या लायसन्सवर मॅन्युअल चालवणं बेकायदा, विमाही लागू होत नाही. जुन्या फियाट डुकाटोमध्ये कम्फर्टमॅटिक नावाचा गिअरबॉक्स मिळतो, त्यात क्लचचं पेडल नसतं म्हणून तो ऑटोमॅटिक लायसन्सवर चालतो, पण त्याचं काम निघालं की ते करणारा माणूस शोधावा लागतो आणि बिलही मोठं येतं. माझं मत असं की त्यापेक्षा मॅन्युअलची टेस्ट परत द्या, दोन-तीनशे पौंडांच्या क्लासमध्ये तुमच्यासाठी पूर्ण बाजार उघडतो.

पायरी २ : माणसं मोजा, बेल्ट मोजा, मग किलो मोजा

जाहिरातीत "सिक्स बर्थ" लिहिलं असलं तरी सहा जण प्रवास करू शकतात असं नाही, सहा जण झोपू शकतात एवढंच. बेल्ट बहुतेक वेळा चारच असतात, जुन्या गाड्यांत तर कधी कधी पुढचे दोनच. आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आले की सगळ्यांनी मिळून स्कॉटलंडला जायचं हे आपल्या प्रत्येक घरातलं स्वप्न असतं, त्यामुळे गाडी बघायला जाल तेव्हा प्रत्येक सीटवर स्वतः बसून बेल्ट लावून बघा. भिंतीला पाठ लावलेल्या आडव्या सीटवर मुलांची कारसीट बसवता येत नाही. मुलं १२ वर्षांची किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत कारसीट लागतेच, म्हणजे पुढे तोंड असलेल्या बेल्टच्या सीटा किती हाच तुमचा खरा आकडा.

आता वजन. समजा गाडीची मर्यादा ३,५०० आणि कागदावर रिकामं वजन, ड्रायव्हर धरून, ३,०५०. उरले ४५०. भरपूर वाटतात ना? बायको आणि दोन लहान मुलं ११५, टाकीभर पाणी १०० (ब्रोशरमध्ये पाणी किती धरलंय हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ते वाचा), बाहेरचं ऑनिंग (दाराबाहेर उघडायचं कापडी छत) २८, जादाची बॅटरी २५, सायकली आणि त्यांचा रॅक ६०, कपडे-अंथरुणं-भांडी-किराणा १२०. झाले ४४८. यात कुकर आला, पण पाहुणा कुणी आला नाही. आणि आधीच्या मालकाने सोलर, सॅटेलाइट डिश, टोबार (ट्रेलर ओढायचा हुक) असलं काही बसवलं असेल तर ते कागदावरच्या वजनात नसतं. म्हणून गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात सामान भरून पब्लिक वेब्रिजवर नेऊन वजन करा, दहा-वीस पौंडात होतं, आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वेगळं करायला सांगा कारण सायकली मागे टांगल्या की आधी तोच ओव्हरलोड होतो.

पायरी ३ : कुठली आणि कितीची

ढोबळ मानाने, २००० च्या आसपासची चालू अवस्थेतली गाडी १२ ते १८ हजार, २००५ ते २०१० मधली १८ ते ३० हजार, २०१५ च्या पुढची पस्तीसच्या वर. व्हॅनचीच आतून केलेली असेल, म्हणजे पत्र्याची बॉडी कंपनीचीच, तर ती आकाराने लहान असूनही महाग मिळते, आणि त्याला कारण आहे, तिच्यात ओल शिरायच्या जागा कमी असतात. बहुतेक सगळ्यांचं इंजिन-चासी फियाट डुकाटो नाहीतर तिच्याच बहिणी प्यूजो बॉक्सर, सिट्रोएन रिले. या जुन्या गाड्या इटलीतल्या एकाच कारखान्यातून निघाल्या, त्यामुळे पार्ट मिळायला त्रास नाही.

लंडनच्या हद्दीत राहत असाल तर डिझेल गाडी युरो ६ (धुराच्या प्रदूषणाची मर्यादा) मध्ये बसत नसेल तर यूलेझचे, म्हणजे लंडनच्या प्रदूषण शुल्काचे, दिवसाला १२.५० पौंड पडतात, २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोमध्ये. गाडी घराबाहेर काढली तो दिवस मोजायचा, परत आली तोही. युरो ६ म्हणजे साधारण २०१६ च्या शेवटानंतरच्या गाड्या, म्हणजे वीस हजाराचं बजेट तिथेच संपलं. हॅरो किंवा हाउन्सलोला राहणाऱ्या मित्रांना म्हणूनच मी सांगते की गाडी हद्दीबाहेरच्या स्टोरेजला ठेवा आणि कारने तिथे जा.

ऑक्टोबर ते जानेवारी घ्यायला चांगला काळ, विकणाऱ्यालाही हिवाळाभर ती सांभाळायची नसते. ईस्टरच्या आधी भाव चढलेले असतात.

पायरी ४ : घरी बसून करायची चौकशी

गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाकला की तिची एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) हिस्टरी फुकट दिसते, दर वर्षीचं मायलेज, कशात नापास झाली, आणि "अ‍ॅडव्हायझरी" म्हणजे यंदा पास केलं पण लक्ष ठेवा अशा नोंदी. सलग तीन वर्षं "मागचा सस्पेन्शन गंजतोय" असं लिहिलेलं असेल तर मालकाने तीन वर्षं काहीच केलेलं नाही, एवढं कळतं. मात्र एमओटीमध्ये राहायचा भाग तपासत नाहीत. गॅस, ओल, फ्रिज यातलं काहीच नाही. "नुकतीच एमओटी झालीये" याचा अर्थ ती रस्त्यावर चालेल, इतकाच घ्या.

मग दहा-वीस पौंडात गाडीवर कर्ज बाकी आहे का, चोरीची किंवा अपघातातली आहे का हे बघणारा रिपोर्ट काढा. लॉगबुकवरचा पत्ता आणि गाडी जिथे दाखवतायत तो पत्ता एकच पाहिजे, पेट्रोलपंपावर भेटू म्हणणाऱ्याला नाही म्हणा. आणि लॉगबुक म्हणजे मालकीचा पुरावा नाही, त्यात फक्त गाडी कुणाच्या नावाने नोंदलीये ते असतं, तेव्हा विकणाऱ्याने ती घेतली त्याची पावती मागा.

पायरी ५ : ओल, ओल आणि ओल

बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. डॅम्प म्हणजे आपली ओल. कोकणात जांभ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि ऑक्टोबरचं ऊन लागलं की सुकते, कुणी मनावर घेत नाही. मोटरहोमच्या भिंतीत तसं नसतं. बाहेरून अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबर, मधे थर्माकोलसारखा फोम आणि लाकडाच्या पट्ट्या, आतून पातळ प्लाय, हे सगळं चिकटवून एक केलेलं. जोडांवर लावलेलं सीलंट दहा-बारा वर्षांनी कडक होतं, केसाएवढी फट पडते, पाणी आत जातं आणि त्याला बाहेर यायला वाटच नाही. लाकूड आतल्या आत भुग्यासारखं होतं आणि आतला वॉलपेपर दोन-तीन वर्षं छान दिसत राहतो.

डॅम्प मीटर वीस ते चाळीस पौंडाला मिळतो, दोन पिना टेकवायच्या आणि आकडा वाचायचा. विकणाऱ्याला आधी विचारा, बारीक भोकं पडतात. १५ टक्क्यांच्या खाली ठीक, १५ ते २० लक्ष ठेवण्यासारखं, २० च्या वर गेलं की दुरुस्ती धरायची, ३० च्या पुढे लाकूड गेलेलंच समजा. एकाच आकड्यावर जाऊ नका, डाव्या कोपऱ्याचा आणि उजव्याचा ताडून बघा, फरक असेल तर जास्त आकड्याच्या बाजूला काहीतरी आहे. भिंतीमागे धातू किंवा फॉइल असेल तर मीटर उगाचच जास्त दाखवतो, अशा ठिकाणी अंगठा जोरात दाबून बघा. घट्ट लागलं तर बरं. पापडासारखं दबलं तर निघून या.

कुठे बघायचं? छताच्या खिडक्यांच्या चारी बाजू, वरच्या कपाटांच्या आतले कोपरे, खिडक्यांचे खालचे कोपरे, मागच्या लाइट्सच्या आतली बाजू, ऑनिंगची पट्टी जिथे स्क्रूने लावलीये त्याच्या आतला भाग, दाराच्या पायरीजवळची जमीन, पलंगाखालचा स्टोअर. सगळ्या उशा-गाद्या उचलायच्या. कपाटाच्या तळाचा कार्पेट उचलायचा. आम्ही हा शेवटचा उचलला नाही. मागच्या कोपऱ्यातल्या कपाटात कार्पेटवर डाग होता, विकणाऱ्याने सांगितलं की बाटली सांडली होती, माणूस सज्जन वाटला आणि कदाचित त्यालाही खरंच माहीत नसेल, आणि आम्ही पुढे गेलो. मेमध्ये पावसात दोन दिवस वेल्सला होतो तेव्हा त्याच कपाटातले मुलीचे कपडे ओले निघाले. मागच्या लाइटचं गॅस्केट गेलेलं, तिथून पाणी उतरून कोपऱ्याचं लाकूड खालपासून दोन फूट कुजलं होतं. आतली प्लाय काढून, लाकूड बदलून, परत बंद करून १,४५० पौंड. गॅस्केटची किंमत नऊ पौंड होती.

अंदाज असावा म्हणून सांगते, एका खिडकीभोवतीचं छोटं काम ३०० ते ६००, एक कोपरा १,२०० ते २,०००, अख्खी पुढची किंवा मागची भिंत तीन हजारांपासून पुढे कितीही. मोटरहोमच्या वर्कशॉपचे तासाचे दर साधारण ६० ते ९० पौंड आणि हे काम सगळं हातानेच करायचं असतं, त्यामुळे सामान शंभराचं आणि मजुरी हजाराची.

बाहेरून बघताना जोडांवर पांढरं चकचकीत बाथरूमचं सिलिकॉन फासलेलं दिसलं तर सावध व्हा. एक तर ते टिकत नाही, आणि एकदा लावलं की त्यावर योग्य सीलंट चिकटत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. आत शिरल्या शिरल्या रूम फ्रेशनरचा भपका आला, किंवा थंडीच्या दिवसात हीटर तासभर आधीपासून चालू असेल, तर जरा जास्त वेळ घालवा. आणि शक्य असेल तर पावसातच बघायला जा, कुणी कितीही म्हणालं की उन्हात या तरी.

जमीन मऊ लागली, चालताना करकर वाजली, तर तो ओलीचाच प्रकार असेल असं नाही, फ्लोअरचे थर सुटतात. छोटी छोटी भोकं पाडून आत रेझिन सोडतात, किट शंभरएक पौंडात मिळतं, घरी जमण्यासारखं काम आहे. दाराजवळ आणि ओट्यासमोर हे सगळ्यात जास्त होतं.

पायरी ६ : इंजिन आणि खालची बाजू

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपात होते, ते म्हणायचे इंजिन नेहमी थंड असताना बघावं. फोनवरच सांगा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा. थंड गाडी पटकन सुरू झाली, थोडा धूर येऊन गेला, ठीक. निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय.

डुकाटोच्या २.३ लिटर इंजिनला कॅमबेल्ट (इंजिनातला टायमिंगचा पट्टा) असतो, २००६ नंतरच्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या २.२ ला त्याजागी चेन. बेल्ट बदलल्याची पावती मागा, तोंडी सांगितलेलं धरू नका. पावती नसेल तर बदललेलाच नाही असं समजून ४०० ते ७०० पौंड किमतीतून कमी करा, कारण तो तुटला तर इंजिनच जातं. लोक म्हणतात "फक्त २८,००० मैल झालेत हो", पण बेल्ट वयानेही खराब होतो. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी हे मोटरहोमला लागू नाही, उभ्या उभ्या ब्रेक जाम होतात, रबरं सुकतात, टायरला भेगा पडतात. दर वर्षी पाच हजार मैल फिरलेली आणि सर्व्हिस केलेली गाडी मी कधीही आधी घेईन.

२००६ नंतरच्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या डुकाटो, बॉक्सर, रिलेमध्ये दोन गोष्टी बघायच्या. चढावर रिव्हर्समध्ये न्या, गाडी थरथर उड्या मारल्यासारखी करते का. आणि बॉनेट उघडून इंजिनच्या डोक्यावर पाणी साचल्याच्या खुणा, गंज आहे का, काचेच्या खालच्या खोबणीतून पाणी इंजेक्टरवर गळायचं. क्लच करायचा झाला तर सहाशे ते बाराशे.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ मधला २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, सहा-सात वर्षांच्या पुढचे टायर बदलायचेच. मोटरहोमचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. चांगले १२० ते १७० ला एक, आमचे चार ५४० ला बसले.

पायरी ७ : आतलं सगळं चालू करून दाखवायला सांगा

इथे घाई करू नका, विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की दोन तास लागतील, आणि गाडीत गॅस, पाणी भरलेलं आणि मेन्सची, म्हणजे बाहेरच्या विजेची, वायर जोडलेली पाहिजे. पाणी भरलेलं नाही म्हणाला तर तो पंप आणि बॉयलर चालतो असं तुम्ही धरू शकत नाही.

फ्रिज तीन प्रकारे चालतो, मेन्सवर, गॅसवर, आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर. तिन्ही बघा. तो आपल्या घरच्या फ्रिजसारखा पटकन गार होत नाही, म्हणून आदल्या रात्री गॅसवर लावून ठेवायला सांगायचं. नवा ८०० ते १,५००. आमचा गॅसवर पेटत नव्हता, पण नुसता बर्नर साफ करून ८५ पौंडात झाला, म्हणजे बंद फ्रिज दिसला तर सोडून द्यायलाच पाहिजे असं नाही, भाव करायचा.

बॉयलर-हीटर मात्र नीट बघा. हिवाळ्यात पाणी न काढता गाडी ठेवली की आत बर्फ होऊन टाकी फुटते, आणि नवीन एकत्र युनिट बसवून हजाराच्या बरंच वर जातं. गरम पाणी सोडून दहा मिनिटं थांबा आणि खाली वाकून बघा कुठे गळतंय का.

गॅसमध्ये मी काटकसर करत नाही. रबरी नळ्यांवर तारीख छापलेली असते, जुन्या असतील तर बदलायच्या, रेग्युलेटरसकट आम्हाला ११० लागले, आणि हे काम एलपीजीची परवानगी असलेल्या गॅस सेफ (इथली अधिकृत गॅस नोंदणी) इंजिनिअरकडूनच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पंचवीस पौंडांचा, तो त्याच दिवशी घ्या. हिवाळ्यात जाणार असाल तर लाल सिलिंडर, म्हणजे प्रोपेन. निळा ब्युटेनचा शून्याच्या आसपास गॅस देतच नाही, आणि सकाळी चहाच्या वेळेला ते कळतं.

आतली लेझर (leisure) बॅटरी, म्हणजे राहायच्या भागातले दिवे-पंप चालवणारी, साधी १०० अँपिअर-तासाची नव्वद ते एकशेतीसला येते. छताची खिडकी मोडलेली असेल तर दीड-दोनशे, पण बाजूची मोठी अ‍ॅक्रिलिकची खिडकी तडकली असेल तर आधी तो पार्ट मिळतो का ते फोन करून विचारा, काही मॉडेलच्या बनतच नाहीत आणि मिळाली तर चारशे-पाचशे सहज. टॉयलेटचा सील पंधरा-वीस पौंड, पाण्याचा पंप तीस ते शंभर, यावर गाडी सोडू नका.

पायरी ८ : पैसे

डीलरकडे दोन-तीन हजार जास्त जातात, पण २०१५ च्या ग्राहक कायद्याने पहिल्या ३० दिवसांत मोठा दोष निघाला तर गाडी परत करता येते, नंतर सहा महिन्यांपर्यंत आधी त्यांना दुरुस्तीची संधी द्यावी लागते. आणि डिपॉझिट क्रेडिट कार्डने भरलं तर, गाडीची किंमत ३०,००० पर्यंत असेल तर, कार्ड कंपनीही जबाबदार राहते. प्रायव्हेटकडून घेतली की यातलं काही नाही, त्याने लिहून दिलेलं वर्णन खोटं असेल तेवढ्यापुरतंच भांडता येतं. म्हणून जाहिरात जपून ठेवा आणि "नो डॅम्प" म्हणाला असेल तर पावतीवर तेच लिहून घ्या.

स्वतःला खात्री नसेल तर तीनेकशे पौंड देऊन हॅबिटेशन इंजिनिअर, म्हणजे राहायचा भाग तपासणारा माणूस, बरोबर न्या. तो ओलीचा लेखी रिपोर्ट देतो, आणि भाव करताना त्या कागदाइतकं दुसरं काही चालत नाही. आम्ही हे पैसे वाचवले आणि मग २९० देऊन हॅबिटेशन सर्व्हिस घेतल्यानंतर केली, तोपर्यंत कपाट भिजलेलं होतं.

गाडी घ्याल त्या दिवशी लक्षात ठेवा की आधीच्या मालकाचा टॅक्स तुमच्याकडे येत नाही. लॉगबुकच्या हिरव्या स्लिपवरचा नंबर टाकून फोनवरूनच टॅक्स भरा, विमा चालू करा, मगच चावी फिरवा.

पायरी ९ : पहिलं वर्ष

आमचा दुरुस्तीचा हिशोब असा झाला : मागचा कोपरा १,४५०, टायर ५४०, कॅमबेल्ट आणि वॉटर पंप ५२०, हॅबिटेशन सर्व्हिस २९०, सस्पेन्शनचे बुश २१०, छताची खिडकी १६०, गॅसच्या नळ्या ११०, लेझर बॅटरी १०५, फ्रिज ८५, एमओटी ५४.८५.

दुरुस्ती नसली तरी दर वर्षी जाणारे वेगळे. टॅक्स साधारण साडेतीनशे. विमा आम्हाला ५४० पडला, लायसन्स नवं असेल तर जास्त पडतो आणि काही कंपन्या देतच नाहीत, तेव्हा गाडी ठरवायच्या आधी कोट घ्या. उभी करायची जागा हा आपल्या नव्या घरांचा मोठा प्रश्न आहे, बऱ्याच नव्या इस्टेटच्या कागदपत्रांत ड्राइव्हवेवर कॅराव्हॅन-मोटरहोम उभी करायला मनाई लिहिलेली असते, सॉलिसिटरने दिलेली फाइल काढून वाचा. आम्ही एका शेतावरच्या स्टोरेजला महिना ५५ देतो.

डिझेल गॅलनला सत्तावीस मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला साडेनऊ किलोमीटर. रात्रीचं साइटचं भाडं १५ ते ४०. कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लबचे सभासद झालात तर पाचच गाड्यांची परवानगी असलेल्या छोट्या जागा मिळतात, शेतात, ओढ्याकाठी, आणि त्या मोठ्या साइटपेक्षा स्वस्त असतात. मला त्याच आवडतात, मुलं मेंढ्यांच्या मागे असतात आणि आपण खुर्ची टाकून बसतो.

पायरी १० : पहिली रात्र आणि पहिला हिवाळा

पहिली ट्रिप घरापासून तीस मैलांच्या आत, विजेचं कनेक्शन असलेल्या साइटवर, दोन रात्रींची करा. सगळं वापरा, शॉवर सुद्धा. जे बिघडायचं ते तिथेच बिघडू दे, कॉर्नवॉलला पोचल्यावर नको. कनेक्शन १० अँपिअरचं असेल तर २,३०० वॉटच मिळतात, त्यामुळे घरची किटली आणि हीटर एकदम लावले की स्विच पडून वीज जाते, कमी वॉटची किटली घ्या. आणि फोडणी घालताना छताची खिडकी उघडी ठेवा, कितीही थंडी असली तरी, नाहीतर आपल्या जेवणाची वाफ भिंतीवर बसून डॅम्प मीटरचा आकडा उगाच वाढलेला दिसतो.

नोव्हेंबर आला की टाक्या, पंप, बॉयलर सगळ्यातलं पाणी काढून टाकायचं, सगळे नळ उघडे आणि मिक्सरवाले मधोमध ठेवायचे, शॉवरचा पाइप खाली सोडायचा, फ्रिजचं दार किंचित उघडं ठेवायचं, गाद्या उभ्या करायच्या म्हणजे खालून हवा फिरते. मग महिन्यातून एकदा जाऊन वीस-तीस मैल चालवून आणायची, आणि गेलात की कपाटाच्या तळाला हात लावून बघायचं. आम्ही तिथला कार्पेट परत बसवलाच नाही, नुसतं लाकूड ठेवलंय, हात लावला की लगेच कळतं.